कमिटी येणार म्हणून धुतलेली टाकी

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझी अशी समजूत होती की संशोधनाचा विषय संशोधक ठरवतो. ही समजूत फार दिवस टिकली नाही. विषय दिल्लीत ठरतो. दरवर्षी पावसाळा सरत आला की निधी देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर राष्ट्रीय प्राधान्यक्षेत्रं जाहीर होतात, आणि ती वाचून देशभरातले माझ्यासारखे प्राध्यापक आपापल्या प्रयोगशाळेतला फ्रीज उघडतात. आपल्याकडे जे जिवाणू आहेत ते यंदाच्या प्राधान्यात बसतात का ते बघायचं. बसत नसतील तर बसवायचे.

माझ्या फ्रीजमधले जिवाणू नाशिकच्या सातपूरचे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपात तुम्ही कधी पाऊल ठेवलं असेल तर तुम्हाला कुलंट माहीत असणार. नसेल ठेवलं तर सांगते. मशिनवर लोखंड कापताना हत्यार तापतं, म्हणून त्यावर तेल मिसळलेल्या पाण्याची धार सोडतात. ते पाणी ताकासारखं पांढरं दिसतं. काही आठवडे वापरलं की ते नासतं आणि त्याला असा वास सुटतो की कामगार शिफ्ट संपवून घरी गेला तरी वास शर्टातून त्याच्यासोबत जातो. हे नासकं कुलंट टाकायचं कुठे, हा छोट्या गाळेवाल्यांचा कायमचा प्रश्न. गटारात सोडलं की नोटीस येते, आणि साठवून ठेवावं तर गाळ्यात माणसांना उभं राहायला जागा उरत नाही.

आता यातली गंमत अशी, की ज्या जिवाणूंमुळे कुलंट नासतं त्यांच्यापैकीच काहींना नीट सांभाळलं, हवा दिली, खायला-प्यायला वेळेवर दिलं, तर ते त्यातलं तेल खाऊन टाकतात आणि खाली बऱ्यापैकी निवळ पाणी उरतं. मला हे करायचं होतं. सातपूरच्या पाण्याला सातपूरच्याच जिवाणूंनी निस्तरायचं. सांगायला एक वाक्य पुरतं, आणि तिथेच माझं चुकत होतं, कारण एका वाक्यात सांगता येणाऱ्या कामाला कोणी निधी देत नाही.

पहिल्यांदा मी प्रस्ताव पाठवला त्या वर्षी जैवइंधनाला प्राधान्य होतं. मी लिहिलं की आमचे जिवाणू तेल खातात, तर पुढेमागे तेल बनवतीलही. परीक्षक हसले असावेत. नकार लगेच आला. पुढच्या वेळी जैवप्लॅस्टिक आलं. मी सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या जिवाणूंच्या पोटात काही चमकदार कण दिसतात का ते शोधत बसले आणि दिसल्यासारखे वाटल्यावर तसं लिहिलं. तोवर प्राधान्य कार्बन शोषण्याकडे गेलं होतं. मग भरडधान्यांचं वर्ष आलं. त्या वर्षी आमच्या विभागात डासांच्या अळ्यांवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने अळ्यांना नाचणीचं पीठ खाऊ घातलं आणि त्याचा प्रस्ताव मंजूर झाला. मी त्याचं अभिनंदन केलं, मनापासून केलं, आणि घरी येऊन भांडी जरा जोरात घासली.

जिवाणूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते आपले फ्रीजमध्ये नळीत निजलेले असायचे आणि बाहेर काढले की तेल शोधायचे.

शेवटी ज्या वर्षी चक्रीय जैव-अर्थव्यवस्था हे प्राधान्य ठरलं त्या वर्षी मी शहाणी झाले. प्रस्तावावर हरित, शाश्वत, समावेशक हे शब्द पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसे भुरभुरले, आणि शीर्षक दिलं, ‘औद्योगिक द्रव-अपशिष्टाचे चक्रीय जैव-अर्थव्यवस्थेच्या चौकटीत सूक्ष्मजैविक मूल्यवर्धन’. सातपूरच्या ज्या गाळेवाल्याकडून मी कुलंट आणायचे त्याला हे वाचून दाखवलं. हा माणूस हरसूलकडून तरुणपणी कामाला आला, पुष्कळ वर्षं दुसऱ्यांच्या मशिनी चालवल्या आणि आता स्वतःच्या गाळ्यात थोड्या मशिनी टाकून बसलाय. त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, “मॅडम, म्हंजे आपलं कुलंटचंच ना?”

“हो, कुलंटचंच.”

“मग ठीक हाय. मला वाटलं तुम्ही आता दुसरीकडं चाललात.”

प्रस्ताव मंजूर झाला. त्यातून एक फेलोशिप मिळाली आणि त्या फेलोशिपवर ती आली.

ती म्हणजे माझी विद्यार्थिनी. वडील कळवण तालुक्यात प्राथमिक शिक्षक, आई अंगणवाडीत. एमएस्सीला माझ्याच वर्गात होती. वर्गात कधी हात वर करायची नाही, पण तास संपल्यावर दाराशी उभी राहून असा प्रश्न विचारायची की मला स्टाफरूममध्ये जाऊन आधी पुस्तक उघडावं लागायचं. तिला पीएचडी करायची होती. तिच्या घराण्यात, आईकडून काय नि वडिलांकडून काय, कोणी केलेली नव्हती. वडिलांनी तिला एवढंच सांगितलं होतं की फेलोशिप आहे तोवर कर. ती संपली की आम्हाला झेपायचं नाही, धाकट्यांचंही शिक्षण आहे. यात कोणाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. हिशेब सरळ होता आणि तो तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता.

कॉलेजच्या जीवशास्त्राच्या इमारतीमागे आम्ही एक मोठी काळी टाकी बसवली. जिवाणूंना बसायला काहीतरी लागतं. नुसतं पाण्यात तरंगत ठेवलं तर ते पाण्याबरोबर वाहून जातात. त्यासाठी बाजारात परदेशी प्लॅस्टिकच्या चकत्या मिळतात. मी त्यांची चौकशी करत होते तेवढ्यात ती सुट्टीहून परतताना कांद्याच्या रिकाम्या गोण्यांचं गाठोडं घेऊन आली. लाल, जाळीदार, आमच्या जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला पडलेल्या मिळतात त्या. “मॅडम, यांना खाचा लय असतात. बसतील बघा.” आम्ही गोण्या कापून पट्ट्या केल्या आणि टाकीत दोरीने लोंबत्या सोडल्या.

आणि जिवाणू बसले. आधी नुसताच बुळबुळीतपणा आला, मग पिवळट थर, मग तपकिरी, जाड, बोटाला चिकटणारा. दिसायला किळसवाणा. तिला तो इतका आवडायचा की सकाळी आल्या आल्या ती चप्पलसुद्धा न बदलता टाकीत डोकावायची. त्या थरात एकच जात नव्हती. कितीतरी जाती एकमेकींच्या आधाराने राहत होत्या. फ्रीजमधल्या नळ्यांमध्ये त्यातल्या काही सुट्या सुट्या होत्या, पण सुट्या जिवाणूंना ते एकत्र जमलेलं काम येत नाही. हे गणगोत जमायला मोठा काळ गेला होता. त्यांना वेळेवर कुलंट घालायचं, पंपाने हवा द्यायची, दिवाळीतसुद्धा. दिवाळीला ती घरी गेली नाही. मी फराळाचा डबा घेऊन गेले तर ही टाकीला पाठ टेकून बसलेली, आणि पंपाचा घरघर आवाज चालू.

पाणी निवळायला लागलं. सातपूरच्या गाळ्यातही आम्ही एक निळा ड्रम ठेवला, त्यात दोन पट्ट्या टांगल्या आणि एक छोटा पंप लावला, तिथल्या हवेत हे जगतात का ते बघायला. जगले. गाळेवाला पाहुण्यांना तो ड्रम दाखवायचा, “ह्यात आपली माणसं कामाला हायेत” असं म्हणून.

फक्त एक अडचण राहिली. नाशिकची थंडी. द्राक्षवाले थंडीला घाबरतात ते सगळ्यांना माहीत आहे. आमचे जिवाणूही घाबरायचे. पारा उतरला की रुसून बसायचे. तेल तसंच राहायचं, पाणी पांढरंच. का रुसतात, आणि त्यांच्यातले कोण रुसत नाहीत, आणि न रुसणाऱ्यांना पुढे कसं आणायचं, हा तिच्या प्रबंधाचा गाभा होता. पहिला हिवाळा हे लक्षात येण्यातच गेला. दुसऱ्यात तिने थोडी मोजमापं घेतली, पण ती अपुरी पडली. तिला आणखी एक हिवाळा हवा होता. एक हिवाळा मिळाला की प्रबंध पूर्ण.

फेलोशिपची मुदत मात्र त्याच्या आधी संपत होती. मुदतवाढीचा निर्णय संस्थेची आढावा कमिटी प्रत्यक्ष येऊन करणार होती, दिवाळी झाल्यावर, थंडी पडायच्या जरा आधी.

आमच्या कॉलेजात कमिटी येणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. प्राचार्य मुळात अर्थशास्त्राचे. माणूस वाईट नाही, पण कमिटी या शब्दाने त्यांच्या अंगात वेगळंच वारं शिरतं. कमिटी कुठलीही असो, उपचार ठरलेले आहेत. जिन्याच्या कोपऱ्यांना चुना. नर्सरीतून भाड्याने कुंड्या. बंद पडलेल्या घड्याळांना सेल. स्वच्छतागृहात साबण, जो कमिटीच्या गाडीबरोबरच अदृश्य होतो. आणि सगळीकडे फिनेल, इतकं फिनेल की दारातून आत शिरतानाच डोळ्यांतून पाणी यावं आणि पाहुण्यांना वाटावं आपलं स्वागत बघून आपण गहिवरलो.

आदल्या दिवशी प्राचार्य टाकीपाशी आले. टाकीवर तिने स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती. ‘हात लावू नये. आत जिवाणू काम करत आहेत.’ त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, “मॅडम, दिल्लीची मंडळी येणार. हे मराठीत, हाताने लिहिलेलं? इंग्रजीत फ्लेक्स करून घेऊ.” मी म्हटलं, करा सर, पण तोवर ही राहू द्या. ते हो म्हणाले. संध्याकाळी फ्लेक्सवाल्याचा माणूस मजकूर हवा म्हणून आला आणि मजकुरासाठी पाटीच काढून घेऊन गेला.

सकाळी प्राचार्यांनी आम्हा दोघींना गंगापूर रोडवरच्या हॉटेलात पाठवलं, कमिटीला घेऊन यायला. प्रकल्प तुमचा, तेव्हा पुष्पगुच्छही तुम्हीच द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. कमिटीचा नाश्ता लांबला. अध्यक्षांना मिसळ खायची होती आणि ती तिखट लागल्यावर जिलबी खायची होती. आम्ही लॉबीत पुष्पगुच्छावर पाणी शिंपडत बसलो.

कॉलेजच्या फाटकातून गाडी आत शिरली तेव्हा इमारतीच्या मागच्या अंगाला कपडे वाळत घालायच्या दोरीवर काहीतरी लाल लाल हलताना मला दिसलं. ती माझ्याआधी गाडीतून उतरली आणि पळाली.

गोण्यांच्या पट्ट्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, लख्ख लाल, चिमटे लावून ओळीने वाळत घातलेल्या. टाकी आतून घासलेली, काठोकाठ भरलेली, पाणी इतकं निवळ की तळातला जोड दिसत होता. पंप पुसून बाजूला ठेवलेला. आणि शेजारी आमचे शिपाईमामा, बाह्या वर सारलेल्या, अंगाला ब्लिचिंग पावडरचा वास, चेहऱ्यावर समाधान.

“मॅडम, तुमचं पण करून टाकलं,” मामा म्हणाले. “सरांनी सांगितलं मागची बाजू पण बघा. केवढा चिकट मळ होता हो! एकदा ब्लिचिंग टाकलं तर हलेना. परत टाकलं, तारेचा ब्रश लावला, तवा कुठं सुटला. आन् टँकरचं पाणी भरलंय.”

मी मामांवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचं काय चुकलं होतं? पाटी असती तर त्यांनी हात लावला नसता, ते अक्षराला मानणारे आहेत. आणि तो मळ किती चिवट होता याचं इतकं मनापासून कौतुक आजवर एकाही परीक्षकाने केलं नव्हतं.

तिने दोरीवरची एक पट्टी हातात घेतली, बोटांनी चुरली, नाकाशी नेली. “मेले मॅडम,” ती म्हणाली. “सगळे मेले. त्यांचा वासच नाय.” मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण तेवढ्यात मागून प्राचार्यांचा आवाज आला, “दिस वे, सर, दिस वे,” आणि कमिटी टाकीपाशी येऊन उभी राहिली.

पुढचा प्रसंग मी कितीतरी जणांना सांगितलाय आणि प्रत्येकाला वाटतं मी तिखटमीठ लावते. एक अक्षर लावलेलं नाही.

अध्यक्ष टाकीत वाकले. “क्रिस्टल क्लिअर,” ते म्हणाले. त्यांनी विचारलं की आधीचं पाणी कसं होतं. तिच्याजवळ बाटलीत सातपूरचं पांढरं कुलंट होतं, ते तिने मुकाट पुढे केलं. अध्यक्षांनी वास घेतला, तोंड फिरवलं, मग टाकीचा वास घेतला. “आधी वास होता. आता नाही. आधी पांढरं होतं. आता नाही.” बाकीच्या सदस्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, “सर, ही टाकी आज सकाळी ब्लिचिंगने धुतली गेली. यातले जिवाणू मेले आहेत. हे टँकरचं पाणी आहे.”

प्राचार्य हसले. “मॅडम फार विनयशील आहेत सर. स्वतःच्या कामाबद्दल चांगलं बोलणार नाहीत.”

“खऱ्या वैज्ञानिकाने असंच असावं,” अध्यक्ष म्हणाले. “स्वतःच्या यशावर पहिला संशय आपणच घ्यायचा.”

“संशय नाही सर. मला खात्री आहे. हे मेलेत.”

“काम संपल्यावर सूक्ष्मजीव मरतातच,” दुसरे सदस्य समजावणीच्या सुरात म्हणाले. त्यांचा विषय वित्त होता. “अन्न संपलं की संपलं. म्हणजे तेल पूर्ण संपलं. हे तर उत्तमच.”

मी आतापर्यंत बऱ्याच माणसांना न पटणारी गोष्ट पटवून दिली आहे. लस घ्या, पाणी उकळा, अँटिबायोटिक अर्धवट सोडू नका. पण आपण अपयशी ठरलोय हे एखाद्या कमिटीला पटवणं मला जमलं नाही. मी टाकीकडे बोट दाखवत राहिले आणि ते टाकीकडेच बघून खूश होत राहिले.

मग सभागृहात बैठक झाली. काजू आले, त्र्यंबकला जायचं की वाइनरी बघायची यावर थोडी चर्चा झाली, आणि शेवटी अध्यक्षांनी तिला विचारलं, “तुला काही सांगायचंय?” ती उभी राहिली. तिने इंग्रजीत, हळू, नीट सांगितलं की टाकीतला समूह आज नष्ट झाला आहे, पण सातपूरला एका गाळ्यात ड्रममध्ये तो थोडा शिल्लक आहे आणि त्यापासून परत वाढवता येईल. की थंडीत हे जिवाणू थांबतात आणि का थांबतात ते अजून कळलेलं नाही. की तिला आणखी एक हिवाळा हवा आहे.

अध्यक्षांनी लक्षपूर्वक ऐकलं. मग प्रेमाने म्हणाले, “बेटा, थंडी ही स्थानिक समस्या आहे. आम्हाला राष्ट्रीय प्राधान्य बघावं लागतं. चेन्नईला कुठे थंडी असते?”

ती खाली बसली. नाशिकला थंडी पडते यात तिचा दोष नव्हता, पण त्या खोलीत तो तिचाच असल्यासारखा वाटत होता.

काही आठवड्यांनी निर्णय आला. आमचा प्रकल्प उत्कृष्ट ठरला होता. उद्दिष्ट मुदतीत, पूर्णतः साध्य. आणि उद्दिष्ट साध्य झाल्यामुळे मुदतवाढीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. अर्धवट काम केलं असतं तर कदाचित उद्भवला असता. नाचणीच्या अळ्यांना मुदतवाढ मिळाली. त्या मोठ्या होत नव्हत्या.

मी संस्थेला सविस्तर लिहिलं. टाकी कशी धुतली, कोणी, कशाने. उत्तर आलं नाही म्हणून फोन केला. तिकडचा अधिकारी सभ्य होता आणि खरोखर गोंधळला होता. “मॅडम, लोक अपयश लपवायला फोन करतात. तुम्ही यश लपवायला का करताय?” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला की प्रकल्प बंद झाल्यावर त्याच्या निष्कर्षांवर हरकत घ्यायची सोय त्यांच्या प्रणालीत नाही. मग आवाज उतरवून म्हणाला, “खरं सांगू? सांडपाणी आता प्राधान्यात नाही. ते सुटल्यात जमा आहे.” मी विचारलं, कुठे सुटलं? तो म्हणाला, “नाशिकला सुटलं ना. तुमच्याकडेच.”

मला इतका राग आला की मी फोन ठेवून उगाचच विभागातली कपाटं आवरायला काढली. राग त्या अधिकाऱ्यावर नव्हता, अध्यक्षांवरही नव्हता. राग याचा होता की या सगळ्यात कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या जागी उभं राहून जे समोर दिसलं तेच लिहिलं होतं, आणि त्या सगळ्याची बेरीज म्हणून एका हुशार मुलीचं काम संपलं होतं.

कॉलेजने मात्र माझा सत्कार केला. शाल, नारळ, भाषण. फाटकाजवळ फ्लेक्स लागला, त्यावर टाकीचा फोटो, तो इंग्रजी मजकूर आणि प्राचार्यांचा हसरा चेहरा. सत्काराला ती आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती. माझं नाव पुकारल्यावर तिने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून सहन होत नाहीत.

फेलोशिप थांबली तशी तिने नोकरी शोधली. गावी परत गेली नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची नोकरी नाशकात फार ठिकाणी मिळत नाही, पण अंबडच्या बाजूला फरशी पुसायची जंतुनाशकं बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ती लागली. काम असं, की तयार झालेल्या प्रत्येक बॅचमधलं औषध जिवाणूंवर टाकायचं आणि एकही जगला नाही याची खात्री करायची. तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा आम्हा दोघींनाही हसू आलं, आणि ते जरा जास्तच वेळ चाललं.

मी मात्र अधूनमधून सातपूरला जाते. गाळ्यातला निळा ड्रम तसाच आहे. त्यात त्याच दोन पट्ट्या, त्यांच्यावर तोच तपकिरी बुळबुळीत थर. गाळेवाल्याला मी विचारलं, ड्रम कधी धुतला नाही ना? तो जरा ओशाळला. “नाय मॅडम. आपल्याकडं कोण येतंय? कोण येणार असतं तर धुतला असता.” मी त्याला म्हटलं, असंच राहू द्या, आणि बाहेर येऊन डोळे पुसले, कारण देशातलं एवढं एकच औद्योगिक जैवतंत्रज्ञान मला माहीत होतं जे कोणी बघायला येणार नव्हतं म्हणून जिवंत होतं.

परवा तिचा फोन आला. नुकतीच थंडी सुरू झाली होती, सकाळी स्वेटर काढावा की नको असं वाटण्याइतकी.

“मॅडम, मला हिवाळा मिळाला,” ती म्हणाली.

मला वाटलं मुदतवाढ मिळाली की काय. चुकून, दुसऱ्या कोणाची. तसं नव्हतं. तिच्या कारखान्यातल्या साहेबांना प्रश्न पडला होता की आपलं औषध थंडीतही तितकंच मारतं का. उत्तरेत माल पाठवायचाय. त्यासाठी तिला थंड खोली मिळाली, नवी यंत्रं मिळाली, मदतीला माणूस मिळाला, आणि अख्खा हिवाळा मिळाला. ज्यासाठी तिने हात जोडून कमिटीपुढे उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, ते सगळं न मागता.

“आणि साहेब म्हणतात,” ती पुढे म्हणाली, “साधे जिवाणू नकोत, चिवट पायजेत. तेलात, घाणीत जगणारे. ब्लिचिंगला पण दाद न देणारे. कोणीतरी त्यांना माझ्या कामाबद्दल सांगितलंय. ते म्हणाले, तुझे ते कॉलेजचे घेऊन ये.”

मी फोन घट्ट धरला. नळ्या माझ्या फ्रीजमध्ये होत्या. ड्रम सातपूरला होता. तिला नोकरी टिकवायची होती, धाकट्या भावाची फी तीच भरत होती. तिने मागितले असते तर मी दिले असते, आणि तिलाही ते माहीत होतं.

“मग काय सांगितलंस?”

“सांगितलं, ते कधीच मेले. कमिटी आली त्या दिवशी.”

“आणि?”

“लगेच पटलं त्यांना,” ती म्हणाली. “एका वाक्यात पटलं, मॅडम.”

तिकडून यंत्राचा घरघर आवाज येत होता, आमच्या पंपासारखा.

“सातपूरच्या काकांचा ड्रम कसा हाय?” तिने विचारलं.

“थंडी पडली. पाणी पांढरं दिसायला लागलंय. रुसलेत.”

“रुसू द्या,” ती म्हणाली. “रविवारी सुट्टी असते मला. थर्मामीटर घेऊन येते. तुम्ही फक्त काकांना सांगा, कोण येणारे म्हणून साफसफाई नका करू.”